समुद्रकाठचं गाव साथीत पाहुण्यांसाठी परत उघडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० ते २०२२ या कोरोनाच्या काळात जगभरातल्या समुद्रकाठच्या गावांनी आणि बेटांनी दारं लावली, उघडली, काहींनी परत लावली. तेव्हापासून काही प्रश्न सारखे येतात, फिरायला जाणाऱ्यांचे वेगळे, गावात राहणाऱ्यांचे वेगळे, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला आपली अडचण कळत नाही. ते सगळे इथे एका जागी टाकलेत. क्रमाने वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

मोकळ्या हवेत कोरोना पसरत नाही म्हणतात, मग बीच कशाला बंद केले होते?

पसरत नाही असं नाही, पण खूप कमी पसरतो. २०२१मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता, त्यात नोंदवलेल्या संसर्गांपैकी मोकळ्या जागेतले १० टक्क्यांपेक्षा कमी निघाले. एडिनबरा विद्यापीठाचे साथरोगतज्ज्ञ मार्क वूलहाउस यांनी तर फेब्रुवारी २०२१मध्ये ब्रिटिश खासदारांना सांगितलं की त्यांच्या माहितीत बीचशी जोडलेला एकही उद्रेक नाही. आणि हे कधी, तर आदल्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या बोर्नमथच्या वाळूवर पाय ठेवायला जागा नसलेले फोटो जगभर फिरून सगळ्यांनी त्या लोकांना शिव्या घालून झाल्यावर.

पण माणूस वाळूवर आभाळातून पडत नाही ना. तो चार जणांबरोबर काचा बंद केलेल्या गाडीतून येतो, वाटेत जेवायला थांबतो, टॉयलेटच्या लाईनीत उभा राहतो, संध्याकाळी बारमध्ये बसतो आणि रात्री एका खोलीत सहा जण झोपतात. समुद्र हे यायचं कारण, धोका तिथे यायच्या आणि राहायच्या सगळ्या व्यवस्थेत. सुरुवातीला कारणच काढून घेणं सोपं होतं म्हणून बीच बंद केले, मार्च २०२०मध्ये दुसरं काही सुचायलाही वेळ नव्हता. नंतर मात्र बीच बंद आणि बार चालू असं जिथे जिथे झालं तिथे गणित उलटंच झालं, हे माझं स्पष्ट मत.

मग बीच उघडला म्हणजे गाव उघडलं, असंच ना?

अजिबात नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सिडनीचा बोंडाय बीच २१ मार्च २०२०ला बंद झाला आणि एप्रिलच्या शेवटी उघडला, पण फक्त पोहायला आणि सर्फिंगला. पाण्यात जा, बाहेर या, घरी जा. वाळूवर आडवं व्हायचं नाही. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलने १७ एप्रिललाच बीच उघडला पण सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ एवढाच, चाला, पळा, पोहा, मात्र खुर्ची, टॉवेल, छत्री काही आणायचं नाही. लोकांना हसू आलं, टॉवेलने काय कोरोना होतो का म्हणून. टॉवेलने होत नाही हो, पण टॉवेल अंथरला की माणूस पाच तास हलत नाही आणि पाच तास बसलेल्या माणसाला टॉयलेट लागतं, खायला लागतं, आणि त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसतो.

म्हणजे पायऱ्या अशा असतात की आधी जवळपासच्यांना येऊन फिरून जाऊ द्या, मग दिवसभर बसू द्या, मग रात्री राहू द्या, आणि गर्दीचे कार्यक्रम सगळ्यात शेवटी. कोणी नुसतं "उघडलं" म्हणालं तर पुढचा प्रश्न हाच विचारायचा की यातली कुठली पायरी?

कधी उघडायचं हे कशावरून ठरतं? रोजचे पेशंट कमी झाले की झालं?

रोजचे आकडे बघून ठरवणं म्हणजे मागच्या काचेत बघून गाडी चालवणं. आज लागण झाली तर लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस, मूळच्या विषाणूत सरासरी ५ दिवस लागायचे, ओमायक्रॉनमध्ये साधारण ३. त्यानंतर टेस्ट, त्यानंतर ज्याची तब्येत बिघडते त्याला बेड लागायला आणखी आठवडाभर. म्हणजे आज केलेल्या चुकीचं बिल हॉस्पिटलात दोन-तीन आठवड्यांनी येतं, तोवर चूक करणारा पाहुणा कधीच घरी जाऊन परत कामाला लागलेला असतो.

समुद्रकाठच्या गावाचं दुखणं हे आहे की हॉस्पिटल बांधलेलं असतं बारमाही राहणाऱ्यांच्या हिशोबाने आणि सीझनला माणसं येतात कित्येक पट. वर अशा गावांत म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण बऱ्याचदा जास्त असतं, रिटायर होऊन समुद्राजवळ येऊन राहिलेली. त्यामुळे विचारायचे खरे प्रश्न असे: ऑक्सिजनचे बेड किती, ते चालवायला नर्स किती (बेड विकत मिळतो, नर्स मिळत नाही), पुढचं मोठं हॉस्पिटल किती तासांवर, आणि पावसापाण्यात तो रस्ता किंवा बोट चालू राहते का. या चारांची उत्तरं ज्या गावाकडे नाहीत त्या गावाने तारीख जाहीर करू नये, मग बाकीचं सगळं कितीही तयार असो.

फ्लोरिडा कीज ही बेटांची माळ, मुख्य रस्ता एकच. त्यांनी २२ मार्च २०२०ला पाहुण्यांना बंदी केली, रस्त्यावर चेकपोस्ट लावलं, आणि १ जूनला उघडलं तेव्हा हॉटेलांना सुरुवातीला निम्म्याच खोल्या भरायची परवानगी होती. दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ टुरिझमवर जगणाऱ्या बेटांनी पाहुणे नाकारले, तेवढं सोपं नव्हतं ते.

माझं तिथे स्वतःचं घर आहे, टॅक्स भरतो मी, मला कसं अडवू शकतात?

हा प्रश्न इतक्या रागाने येतो की उत्तर जपून द्यावं लागतं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या डेअर काउंटीने, म्हणजे आउटर बँक्स म्हणतात तो भाग, मार्च २०२०च्या मध्यावर पाहुण्यांना बंद केलं आणि दोन-तीन दिवसांतच बाहेर राहणाऱ्या घरमालकांनाही. लोक चिडले, काही जण कोर्टात गेले. शेवटी मालकांना ४ मेपासून टप्प्याटप्प्याने आणि पाहुण्यांना १६ मेपासून आत घेतलं. दोन्ही बाजूंना मुद्दा होता हे मान्य करायला पाहिजे. मालक म्हणणार घर माझं, गर्दीच्या शहरात अडकण्यापेक्षा इथे येऊन दार लावून बसतो, कोणाला त्रास आहे? गाव म्हणणार की बाबा घर तुझं आहे पण व्हेंटिलेटर तुझा नाही, तू आजारी पडलास तर आमच्याच बेडवर झोपणार.

कायद्याचं उत्तर प्रत्येक देशात वेगळं, आणीबाणीचे अधिकार कोणाकडे आहेत त्यावर अवलंबून. व्यवहाराचं उत्तर मात्र सगळीकडे चालतं: मालकांना पाहुण्यांच्या आधी घ्या, पण आल्यावर तिथेच राहायचं, दर शनिवार-रविवारी ये-जा नाही, आणि ते घर भाड्याने द्यायचं नाही. ये-जाच तर थांबवायची असते.

टेस्ट निगेटिव्ह आहे, मग बिनधास्त जाऊ ना?

जा, पण बिनधास्त नको. निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ एवढाच की स्वॅब घेतला त्या क्षणी सापडण्याइतका विषाणू नव्हता. लागण झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस आरटीपीसीआरमध्येही बऱ्याचदा काही दिसत नाही, आणि लक्षणं यायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. हवाईने ऑक्टोबर २०२०पासून प्रवासाआधी ७२ तासांतली टेस्ट दाखवली तर क्वारंटाईन माफ केलं, तिकडे गोव्याने त्याच वर्षी २ जुलैला हॉटेलं उघडताना रिपोर्ट आणा नाहीतर इथे येऊन टेस्ट करा असा पर्याय ठेवला होता. दोन्हींत भोक तेच, टेस्ट आणि पोचणं यांच्यामधले दिवस, वर एअरपोर्ट.

टेस्ट करायचीच असेल तर निघायच्या अगदी आधी अँटिजेन, आणि पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अजून एक, हे तीन दिवस जुन्या पीसीआरपेक्षा बऱ्याचदा जास्त कामाचं. अँटिजेन कमी पकडते हे खरं पण जो आत्ता पसरवतोय त्याला ती बरी पकडते. पीसीआर उलट, बरं होऊन कित्येक आठवडे झाले तरी काही जणांची पॉझिटिव्ह येत राहते.

काउआई बेटाने उघडून परत बंद केलं म्हणे, ते का?

हो, हवाईतलंच एक बेट. ऑक्टोबरमध्ये हवाईच्या 'टेस्ट दाखवा, क्वारंटाईन माफ' योजनेत सामील झालं, आणि पेशंट वाढायला लागल्यावर डिसेंबर २०२०च्या सुरुवातीला त्यातून बाहेर पडलं, म्हणजे टेस्ट असली तरी क्वारंटाईन. परत आत आलं एप्रिल २०२१मध्ये. लोकांनी धरसोड म्हणून टीका केली पण मला तो शहाणपणा वाटतो. आपलं हॉस्पिटल केवढं आहे हे माहीत असलेल्या बेटाने तेवढंच अंथरूण बघून पाय पसरले.

बेटांना सोपं असतं ना? चारी बाजूंनी पाणी.

बंद करणं सोपं. १९१८च्या फ्लूमध्ये पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांच्या दोन भागांचं जे झालं ते यासाठी कायम सांगितलं जातं. अमेरिकन सामोआचे गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बोटी अडवून कडक क्वारंटाईन लावलं, तिथे फ्लूने एकही माणूस गेलं नाही. शेजारच्या पश्चिम सामोआत त्या नोव्हेंबरमध्ये टॅल्यून नावाचं जहाज आजारी माणसं घेऊन बंदरात आलं, त्याला अडवलं नाही, आणि लोकसंख्येतली साधारण पाचातली एक व्यक्ती गेली.

उघडणं मात्र बेटाला जड जातं, कारण तिथे पोट दुसऱ्या कशावर भरत नाही. मालदीवने १५ जुलै २०२०ला उघडलं तेव्हा आधी रिसॉर्टची बेटं उघडली. तिथली पद्धतच अशी की एका बेटावर एकच रिसॉर्ट, गाववस्ती नाही. लोकवस्तीच्या बेटांवरची गेस्टहाऊस उघडली ऑक्टोबरमध्ये, तीन महिने उशिरा. साथीच्या दृष्टीने हुशार चाल होती, पण बघा कोणाचा धंदा आधी चालू झाला आणि कोणाचा नंतर. गेस्टहाऊसवाले छोटे, गावातलेच लोक. सुरक्षित क्रम आणि न्याय्य क्रम दरवेळी एक नसतो आणि ज्यांना थांबायला सांगितलं त्यांना थांबल्याचे पैसे द्यायला हवेत, नुसते आभार नकोत.

फुकेतने १ जुलै २०२१पासून "सँडबॉक्स" काढलं. आधी बेटावरच्या ७० टक्के लोकांना लस द्यायची असं ठरवलं, मग दोन्ही डोस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांना क्वारंटाईनशिवाय आत घेतलं, पण १४ दिवस बेट सोडून थायलंडमध्ये दुसरीकडे जायचं नाही, मधे टेस्ट. ऑक्टोबरपासून ते ७ दिवसांवर आणलं. आधी यजमानाला लस मग पाहुण्याला दार, हा क्रम मला सगळ्यात पटलेला.

लस घेतली असेल तर हे सगळं कशाला?

लसीने आजार सहसा जड होत नाही, बेड कमी लागतात, म्हणून गाव उघडायला लस हा सगळ्यात मोठा आधार झाला. पण लस घेतलेल्यालाही लागण होते आणि तो देऊही शकतो, ओमायक्रॉनमध्ये तर सगळ्यांनी अनुभवलंच. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाऊ द्यायचे, लस घेऊन तिथूनच गाडीत बसायचं नाही.

क्रूझवाल्यांवर वेगळा राग का?

कारण एकदम हजारो माणसं उतरतात, काही तास फिरतात आणि निघून जातात. डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर फेब्रुवारी २०२०मध्ये ३,७११ माणसं होती, त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली, बंद केबिन, एकत्र जेवण, आणि स्टाफ तर दाटीवाटीने राहणारा. मार्च २०२०च्या मध्यापासून अमेरिकेत क्रूझला बंदी होती, जून २०२१मध्ये त्या परत निघाल्या.

मधल्या काळात मजा झाली. फ्लोरिडातल्या की वेस्ट शहरात क्रूझ थांबल्यावर लोकांना पाणी नितळ दिसायला लागलं, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांनी मतदान करून दिवसाला १,५०० च प्रवासी उतरतील आणि मोठी जहाजं येणार नाहीत असं ठरवलं. पुढच्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ते रद्द करून टाकलं. म्हणजे गावाने ठरवलं तरी गावाच्या हातात किती असतं हा प्रश्न उरतोच.

आमचं हॉटेल काही महिने बंद होतं. सॅनिटायझर मारलं, फवारणी केली. अजून काय?

फवारणी सोडा, आधी नळ सोडा! गंमत नाही, खरंच. पाइपांत महिनोन् महिने साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो, साधारण २० ते ४५ अंश तापमान त्याला आवडतं, आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून तो फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया करतो. १९७६मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, १८० हून जास्त आजारी, २९ गेले. लक्षणं ताप, खोकला, धाप, म्हणजे साथीच्या काळात सगळे कोरोनाच समजणार आणि कोरोनाची टेस्ट निगेटिव्ह आली की सोडून देणार.

त्यामुळे उघडायच्या आधी प्रत्येक खोलीतला प्रत्येक नळ आणि शॉवर खूप वेळ सोडून ठेवायचा, गरम पाण्याची टाकी ६० अंशांपर्यंत नेऊन ते पाणी शेवटच्या नळापर्यंत येऊ द्यायचं (पाहुणे यायच्या आधी हां, भाजेल नाहीतर), शॉवरचे हेड काढून साफ करायचे, टाक्या, कारंजी, जकुझी धुवायची. पाणी सोडताना तुषार उडतील तिथे तोंड घालायचं नाही, चांगला मास्क लावायचा. हे करायला पैसे लागत नाहीत फारसे, फक्त कोणीतरी एक माणूस खोली-खोली फिरला पाहिजे.

फवारणीचं म्हणाल तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल २०२१मध्ये सांगितलं की वस्तूंना हात लावून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी. नेहमीची साफसफाई पुरते. आणि वाळूवर तर चुकूनही नको. स्पेनमध्ये झाहारा दे लॉस आतुनेस इथे एप्रिल २०२०मध्ये ट्रॅक्टर लावून बीचवर ब्लीच मारलं होतं, मुलं येणार म्हणून, चांगल्या हेतूने. पक्ष्यांची घरटी, वाळूतले किडे, सगळ्याची वाट लागली आणि माफी मागायची वेळ आली.

खोलीत एसी आहे, मग हवा खेळती आहे ना?

नाही! भिंतीवरचा एसी बहुतेक वेळा खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो, बाहेरची हवा आत घेतच नाही. समुद्राकाठी वारा फुकट मिळतो आणि आपण खिडक्या लावून बसतो. जेवायच्या हॉलसाठी एक कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या, बाहेर तो साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) दाखवतो, हॉल भरल्यावर ८०० च्या आत राहिला तर बरं, हजाराच्या वर चालला तर दारं उघडा नाहीतर टेबलं कमी करा. टेबलांमधे प्लास्टिकचे पडदे लावून लोकांना सुरक्षित वाटलं खरं, पण काही ठिकाणी त्यांनी हवाच अडवली.

खोल्या झाडणारे, वेटर, त्यांचं काय?

हा प्रश्न खरं तर वारंवार विचारला जातच नाही, मीच घुसवलाय.

पाहुणा चार दिवस चार माणसांना भेटतो. स्टाफ सीझनभर रोज नव्या माणसांना भेटतो, आणि रात्री मालकाने दिलेल्या एका खोलीत आठ जण झोपतात. एकाला झालं की सगळ्यांना, आणि दुसऱ्या दिवशी हॉटेल बंद. पण आजारी पडल्यावर पगार कापला जाणार असेल तर कोण सांगेल मला ताप आहे म्हणून? गोळी घेऊन कामावर येणार, तुम्ही आम्हीही तेच केलं असतं. म्हणून आजारपणाची पगारी सुट्टी ही साथ रोखायची सगळ्यात स्वस्त गोष्ट, सॅनिटायझरच्या स्टँडपेक्षा नक्की. दुसरं, एक रिकामी खोली स्टाफसाठी राखून ठेवा, आजारी पडलेल्याला वेगळं ठेवायला. भर सीझनला एक खोली रिकामी ठेवायची म्हटलं की मालकाच्या पोटात दुखतं, कळतं मला, पण.

पाहुणा गेल्यावर खोली झाडायला लगेच पाठवू नका, खिडक्या उघडून तासभर जाऊ द्या. आणि पाहुण्यांनो, निघताना तुम्हीच उघडल्यात तर अजून छान.

५० टक्के क्षमता म्हणजे नक्की कशाचे ५० टक्के?

ज्याला त्याला वाटेल त्याचे, हीच तर गडबड. खोल्या निम्म्या भरल्या पण एकेका खोलीत दुप्पट माणसं, झाले पूर्ण. शिवाय हॉटेलं मोजली जातात, दिवसभरासाठी गाडी घेऊन येणारे कोणी मोजत नाही. बोर्नमथला २५ जून २०२०ला तेच झालं, वर्षातला तोवरचा सगळ्यात गरम दिवस, लोक लोटले, प्रशासनाला मोठी आपत्ती म्हणून जाहीर करावं लागलं आणि एका दिवसात पार्किंगचे ५५८ दंड फाडले. ॲम्ब्युलन्स अडकण्याइतक्या गाड्या उभ्या असतील तर विषाणू राहिला बाजूला, हार्ट अटॅकवालाच आधी जाईल.

म्हणून गर्दीचा खरा नळ पार्किंग आहे. जागा संपली की गावाच्या अलीकडेच बोर्ड लावून गाड्या परतवा, फोनवर आधीच दिसू द्या. फ्रान्समध्ये ला ग्रांद-मोतला मे २०२०मध्ये वाळूवर दोऱ्या बांधून चौकोन आखले आणि ऑनलाइन बुकिंग ठेवलं, दिसायला विचित्र होतं पण चाललं. स्पेनच्या बेनिडॉर्मनेही तसंच केलं.

समुद्राच्या पाण्यातून होतो का?

नाही. पाण्यात खूप विरळ होऊन जातो, तसा झाल्याचा पुरावा नाही. क्लोरीनवाल्या पूलमध्येही नाही. मास्क लावून पाण्यात मात्र जाऊ नका, ओला मास्क तोंडाला चिकटतो आणि श्वास घेता येत नाही.

लाइफगार्ड नसेल तर पोहलं तर चालेल?

मला विचाराल तर नको. २०२०च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये आरएनएलआय या समुद्रावरच्या बचाव संस्थेचे लाइफगार्ड आधी थांबवले गेले आणि नंतर टप्प्याटप्प्याने परतले, तेही नेहमीच्या सगळ्या बीचवर नाहीत. त्याच उन्हाळ्यात परदेशी जाता येईना म्हणून कधी समुद्र न बघितलेली माणसंसुद्धा पाण्यात उतरत होती. साथीत कोरोना सोडून बाकीची मरणं थांबत नाहीत ना.

बुडालेल्याला वाचवताना अजून एक पेच. रस्त्यात कोसळलेल्या माणसाला नुसती छाती दाबून चालू शकतं, पण बुडालेल्याच्या शरीरात ऑक्सिजनच संपलेला असतो, त्याला श्वास द्यावाच लागतो, आणि साथीत तोंडाने श्वास देणं म्हणजे धोका. म्हणून फिल्टर लावलेली हाताने दाबायची पिशवी आणि ती वापरता येणारी दोन माणसं लाइफगार्डच्या प्रत्येक टॉवरवर हवीत. गाव उघडायच्या यादीत हे क्वचितच असतं. आणि ओढीच्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहा किंवा तरंगत राहून हात हलवा.

वादळ आलं तर?

ही दोन संकटं एकत्र येतात हे २०२०ने दाखवलंच. २० मेला अम्फान बंगालच्या किनाऱ्यावर आलं, ३ जूनला निसर्ग रायगडवर, ऐन लॉकडाऊनमध्ये. निवाऱ्यात अंतर ठेवायचं म्हटलं की जागा निम्मी होते, म्हणजे निवारे दुप्पट हवेत. त्यात पाहुणे असतील तर त्यांना सगळ्यात आधी, वादळाच्या बातमीबरोबरच बाहेर काढायचं, निवारा गावकऱ्यांसाठी. हे बुकिंग करतानाच लिहून द्यावं आणि पैसे परत मिळतील हेही, नाहीतर पैसे बुडतील म्हणून लोक हलत नाहीत.

गावात नक्की किती पेशंट आहेत हे कसं कळणार? आकडा तर शून्य दाखवतात.

कारण बऱ्याच ठिकाणी पेशंट राहत्या पत्त्यावर मोजतात. पाहुण्याला तुमच्या गावात लागण झाली, टेस्ट घरी गेल्यावर केली, आकडा त्याच्या शहरात चढला. तुमचं गाव कागदावर स्वच्छ.

यावर सांडपाण्याची तपासणी चांगली. विषाणू विष्ठेतून पडतो, लक्षणं नसलेल्यांच्याही, त्यामुळे गटाराच्या पाण्यात वाढ बऱ्याचदा पेशंट वाढायच्या काही दिवस आधी दिसते, आणि गटाराला पत्ता कळत नाही, पाहुणे गावकरी सगळे त्यात येतात. जिथे घरोघरी सेप्टिक टँक आहेत तिथे मात्र हे जमत नाही.

परत कधी बंद करायचं?

ते उघडायच्या आधी लिहून ठेवा. बेड इतके भरले की नवीन बुकिंग बंद, इतके भरले की सगळंच. शांत डोक्याने लिहिलेलं लागतं कारण लाँग वीकेंडच्या आदल्या दिवशी हॉटेलं फुल असताना बंद करा म्हणायची कोणाची हिंमत होत नाही.

गावातले लोक आमच्याकडे वाकड्या नजरेने बघतात. आम्ही पैसे देतोय ना?

देताय, आणि ते पैसे लागतात हे त्यांनाही माहीत आहे. २०१९मध्ये जगभरात परदेशी पाहुण्यांच्या साधारण १४६ कोटी फेऱ्या झाल्या होत्या, २०२०मध्ये ४० कोटींच्या आसपास. ज्या गावात सगळी कमाई सीझनची असते तिथे या फरकाचा अर्थ घराचा हप्ता थकणं असा होतो. त्यामुळेच तो दुकानदार तुम्हाला आत या म्हणतो आणि तुम्ही मास्क काढलात की मागे सरकतो, दोन्ही खरं असतं त्याचं. त्याच्या घरी म्हातारी आई असेल. तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, तुम्ही मात्र ट्रिप पुढे ढकलू शकता, एवढा फरक डोक्यात ठेवला की बरीच भांडणं होत नाहीत. सर्दी वाटत असेल तर निघूच नका आणि हॉटेलवाल्यानेही अशा वेळी पैसे न कापता तारीख बदलून द्यावी.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ताप आला. आता त्यांना काय सांगायचं, निघालो तिथून तर आपण?

टेस्ट करा, आणि पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी जिथे राहिलात तिथे फोन करा. लक्षणं यायच्या दोन दिवस आधीपासून तुम्ही पसरवत होतात, म्हणजे त्यांच्या हॉलमध्ये नाश्ता करत होतात तेव्हाच. फोन उचलणारा वैतागेल, कदाचित तुमच्यावर चिडेलही. तारीख, खोली नंबर आणि कुठे कुठे बसलात एवढं सांगा. तुमची खोली झाडायला आलेल्या बाईला ते आज कळलं तर ती टेस्ट करून घरी वेगळी राहील, नाहीतर तिला अजून तीन दिवसांनी कळेल, स्वतःला ताप आल्यावर.